सासऱ्यांनी दिलेला बंब

"अवो, इझला. परत इझला. या हिकडं आनि बघा तुमच्या डोळ्यांनी."

बायको न्हाणीतून ओरडत होती आणि मी बाहेर एका गालावर साबणाचा फेस घेऊन, हातात वस्तरा धरून उभा होतो. ओरडण्याचं मला नवल नव्हतं. तिचं माहेर राधानगरीच्या वर, डोंगरात. तिथं एक घर या टेकाडावर तर दुसरं त्या टेकाडावर, आणि मधे चार महिने पाऊस. त्यामुळं तिकडची माणसं शेजारणीकडं विरजण मागायचं झालं तरी अशा आवाजात मागतात की तीन वाड्यांतल्या म्हशी माना वर करतात. पण त्या दिवशीच्या आवाजात रडू मिसळलेलं होतं, म्हणून मी अर्धा गाल तसाच ठेवून आत गेलो.

न्हाणीत एवढा धूर की बायको नुसती ऐकू येत होती, दिसत नव्हती. अंदाजानं हात पुढं केला तो सरळ तापलेल्या बंबावर. माझं कातडं बंबाला आणि बंबाची काजळी मला, अशी देवाणघेवाण झाली.

बंब आता कुणाकडं राहिलेले नाहीत, म्हणून सांगतो. तांब्याचं कमरेएवढं पिंप. त्याच्या पोटात मधोमध एक उभी नळी. नळीत कोळसा पेटवायचा, नळीच्या भोवतीनं पाणी. वरच्या तोंडातून गार पाणी ओतायचं आणि बाजूच्या तोटीतून कढत काढायचं. आमच्या बंबाची ही नळी बुडाशी जिथं सांधली होती तिथं फट पडली होती, आणि तिथून पाण्याचा थेंब बरोबर निखाऱ्यावर पडत होता. एक थेंब, एक चर्र. असे वीस-पंचवीस थेंब झाले की जाळ खलास. म्हणजे पाणी तापवायला जो विस्तव लावायचा, त्याला पाणीच विझवत होतं. कोल्हापूर संस्थान नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं आणि मी कचेरीत कारकून होतो, त्यामुळं उलटा कारभार म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं. पण इतका उघडा नागडा उलटा कारभार मी कचेरीतही पाहिला नव्हता.

"आज गुरवार," बायको धुरातून म्हणाली. "आयतवारी आबा येनार. आता काय करायचं ते तुमीच सांगा."

तिचे आबा म्हणजे माझे सासरे. ते येणार होते माझ्या मेव्हणीचा निकाल लावायला. मेव्हणी सातवीची फायनल परीक्षा पास झाली होती, आणि ती अशी पास झाली होती की मास्तर पेढे घेऊन घरी आले होते. तिला पुढं शिकायचं होतं. डोंगरात हायस्कूल कुठलं, म्हणून जूनपासून आमच्याकडं मंगळवार पेठेत राहून शाळेत जायचं, असं तिनं आणि बायकोनं आपसात ठरवून टाकलं होतं. महिनाभर आधीच ती येऊन राहिलीही होती. सासऱ्यांनी मात्र अजून 'व्हय' म्हटलं नव्हतं. "येतो. घर बघतो. मग सांगतो," एवढाच त्यांचा निरोप होता. आणि नाही म्हणाले असते तर गावाजवळच्याच एका घरातून मागणी आलेली तयार होती. मुलगा काय करतो हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं, पण बारा म्हशी होत्या हे सगळे सांगत.

आता घर बघणं म्हणजे तुम्हाआम्हाला वाटेल, की भिंती बघतील, शेजार बघतील. आमचे सासरे फक्त आंघोळ बघायचे. त्यांच्याकडं पावसात देवाच्या आधी बंब पेटतो. दारात आलेल्या पाहुण्याला पाणी नव्हे, आंघोळ विचारतात. ज्या घरात पाहुण्याला कढत पाणी नाही ते घर त्यांच्या लेखी गोठा, आणि गोठ्यात पोरगी ठेवायची नाही. एकदा एका ठिकाणी बोलणी पक्की होऊन सुपारी फुटायची बाकी होती, तेव्हा आंघोळीला कोमट पाणी मिळालं म्हणून हे ओल्या पंच्यानिशी उठून गाडीत जाऊन बसले होते. मला मुलगी दिली तीसुद्धा मी मॅट्रिक म्हणून, हे खरं, पण त्याआधी आमच्या न्हाणीतून ते उकडलेल्या रताळ्यासारखे लाल होऊन बाहेर आले होते, म्हणून. पुढं लग्नात त्यांनी हा बंब दिला. तो घ्यायला तीन दिवस कोल्हापुरात मुक्काम ठोकून त्यांनी गावातल्या प्रत्येक तांबटाच्या दुकानातला प्रत्येक बंब बोटाच्या पेरानं वाजवून बघितला होता. तिसऱ्या दिवशी, म्हणे, तांबट यांना लांबून बघितल्यावरच दुकानाच्या फळ्या लावून घेत.

"तांबटाकडं न्या की," मेव्हणी म्हणाली. ती दारात उभी होती. पंधरा वर्षांची, पण बोलणं पन्नास वर्षांच्या मामलेदाराचं.

"कुठल्या तांबटाकडं?" बायको म्हणाली. "आबांना वळखत न्हाय आसा एक तांबट दाव मला. मोटारीतनं उतरलं की पयल्यांदा त्यांच्याकडंच तंबाखू खात्यात. बंब गळतोय म्हनून कळलं तर म्हनतील, माझा बंब तीन वरसांत फोडला, ह्यांच्याकडं पोरगी काय ठिवू?"

"मग चुलीवर हंडा तापवूया."

"आनि बंब कुठाय म्हनून इचारलं तर? घरात शिरल्यावर आदी बंबाला हात लावत्यात, मग मला. म्हाईत न्हाय तुला?"

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. अशा वेळी शहाण्या माणसानं वस्तरा उचलून उरलेला गाल करावा. मी म्हणालो, "त्यात काय एवढं, मीच करतो दुरुस्त."

त्या एका वाक्यानं माझे पुढचे तीन दिवस खाल्ले. पहिल्यांदा बंब उलटा केला. उलटा केल्यावर त्याच्या नळीतून जी राख आणि काजळी बाहेर पडली, तेवढ्यात आमच्या बोळातल्या सगळ्या घरांची भांडी दिवाळीपर्यंत घासून झाली असती. नळीत डोकं घालून फट शोधायला गेलो तर डोकं आत गेलं, कान मागं राहिले आणि बाहेर निघताना कानांनी अडवलं. बायकोनं पाय धरून ओढलं. मग फटीत मेण भरलं. मेण थंड असताना फार गुणी. पेटवल्याबरोबर वितळून निखाऱ्यावर पडलं आणि जाळ असा उसळला की न्हाणीच्या वाशावर वाळत टाकलेला माझा एकुलता एक चांगला सदरा एका बाहीचा झाला. मग सुतळी आणि डांबर. त्यानं थेंब थांबला नाही, पण पाण्याला असा वास आला की त्या दिवशी कचेरीत माझ्या शेजारचा कारकून दिवसभर खिडकीत बसून लिहीत होता.

शुक्रवारी संध्याकाळी मी बंबाशेजारी डोक्याला हात लावून बसलो असताना शेजारचे म्हातारे गवंडी आले. त्यांनी उभ्या आयुष्यात विहिरी आणि तळ्यांच्या भिंती बांधल्या होत्या, आणि आता बोळातून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या कशा बांधल्या ते सांगत होते.

"काय मालक, गळतोय व्हय?" ते म्हणाले. "चुना आनि गूळ घाला. आमच्या आज्ज्यानं तळं बांधलं त्ये गूळ-चुन्यात. आजून थेंब हिकडचा तिकडं न्हाय."

"प्रमाण काय?"

"पाच पाट्या चुना, दोन पाट्या बारीक वाळू, हिरड्याचं पानी, आनि मूठभर गूळ. घोटायचं मातर चार दिस."

हे ऐकल्याबरोबर माझं डोकं चालायला लागलं. माझं डोकं चालायला लागलं की घरातल्या बायका भांडी आवरून ठेवतात, त्या रिवाजाप्रमाणं बायकोनं चुलीवरचं दूध उचलून आत नेलं. आता तुम्हीच विचार करा. पाच पाट्या चुना बंबात कुठं मावायचा? शिवाय चार दिवस घोटायला माझ्याकडं चार दिवस नव्हते. घरात चुना होता तो पानाच्या डबीत, बोटभर. पानपट्टीवाल्याकडून आणखी एक पुडा आणला. आणि गूळ? गूळ सासऱ्यांच्या गुऱ्हाळातला, ढेपच्या ढेप कोपऱ्यात उभी. मग मी असा हिशेब केला की चुना कमी आहे तर तेवढा गूळ वाढवावा. चिकटपणा शेवटी कशाचा? गुळाचा. आणि तोही कोल्हापूरचा गूळ. आम्हा कोल्हापूरच्या माणसांची ही एक अडचण आहे. गुळाबद्दल कुणी काही चांगलं बोललं की आम्हाला ते कमीच वाटतं. गवंड्यांनी गुळाला मूठभर म्हटलं हे मला मनातून थोडं लागलंच होतं. मी माझ्या डोक्याएवढा खडा फोडून घेतला, कढईत पातळ केला, चुना टाकला, चहाच्या डब्यात सापडलेला एक हिरडा कुटून टाकला, आणि ते पातळ प्रकरण वरच्या तोंडातून बंबाच्या पोटात ओतलं. बुडाशी जाऊन बसेल, फटीत शिरेल, वाळेल आणि दगड होईल. इतकं साधं.

"दाजी," मेव्हणी म्हणाली, "गूळ पान्यात इरघळतो."

"ओला असतो तोवर. एकदा वाळला की नाही."

"मग वाळल्याली ढेप च्यात कशी इरघळती?"

मी बंब हळूहळू फिरवत होतो, सगळीकडं सारखं बसावं म्हणून. फिरवता फिरवताच विचारलं, "मॅट्रिक कोण आहे? तू का मी?"

"तुमी," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

शनिवारी बंबात गार पाणी भरलं. मी नळीखाली परात ठेवून तासभर पालथा पडून बघत होतो. एक थेंब नाही. गवंड्यांना बोलावलं. त्यांनी परातीत बोट फिरवून बघितलं, बोट कोरडं. म्हणाले, "आता तळं बांधा मालक, मी तुमच्या हाताखाली येतो." बोळातली दहा-बारा माणसं येऊन बघून गेली. एकानं त्याच्या पितळी घंगाळाबद्दल सल्ला विचारला, तो मी मोठ्या मनानं दिला. मेव्हणी आली, परात बघितली, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावर थोडी आशा दिसली. पाणी ओतून दिलं आणि ते चाखून बघायचं काही माझ्या मनात आलं नाही. बंबातलं पाणी कोण चाखतं?

रविवारी सकाळी न्हाणीच्या भिंतीवर मुंग्यांची एक रांग लागली होती. ती खिडकीतून येऊन सरळ बंबाच्या तोंडाकडं चालली होती. मी बायकोला म्हणालो, यंदा पाऊस लवकर येणार बघ.

दहाच्या सुमाराला सासरे आले. पटका, हातात काठी, आणि काठीपेक्षा ताठ मिशा. आल्याआल्या न्हाणीत जाऊन त्यांनी बंबाला पेरानं वाजवलं. एरवी तो देवळातल्या घंटेसारखा वाजायचा. त्या दिवशी आवाज आला कणकेच्या गोळ्यावर थापटी मारल्यासारखा.

"आवाज बसलाय ह्येचा," ते म्हणाले.

"काठोकाठ भरलाय, मामा," मी म्हणालो.

बायकोनं कोळसा पेटवला. मेव्हणी उंबऱ्यात बसून नळीकडं बघत होती. तिनं दोन्ही हात असे आवळून धरले होते की मला पहिल्यांदाच थोडी भीती वाटली. पण जाळ विझला नाही. पाणी तापलं. नुसतं तापलं नाही, खदखदलं. सासऱ्यांनी बादली भरून घेतली, दार लावलं, आणि आम्ही तिघं बाहेर उभे राहिलो.

पहिला तांब्या अंगावर ओतल्याचा आवाज आला. त्यामागं समाधानाचा एक हुंकार. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं जसं लग्नात अंतरपाट खाली झाल्यावर बघितलं होतं. दुसरा तांब्या. तिसरा. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. आणि मग घरात एक वास पसरायला लागला, करपलेल्या गुळाचा. फट उघडली होती आणि आता तिथून पाणी नव्हे, पाक गळत होता निखाऱ्यावर. बोळातून कुणीतरी विचारलं, "काय वैनी, आज गोडाचं काय?"

न्हाणीचं दार उघडायला त्रास पडला, कारण सासऱ्यांचा हात कडीला चिकटला होता. ते बाहेर आले तेव्हा मी सांगतो त्यावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका. अंगाला पंचा असा बसला होता की तो नेसलाय का रंगवलाय ते कळत नव्हतं. मिशांची दोन्ही टोकं, जी तीस वर्षं वर होती, ती खाली वळून हनुवटीला चिकटली होती. डोक्यावर चुन्याचा पांढरा थर. आणि त्यांच्यामागून न्हाणीतून ज्या माश्या बाहेर आल्या, त्या आपल्या पेठेच्या नव्हत्याच. तेवढ्या माश्या मंगळवार पेठेत मी त्याआधी बघितल्या नव्हत्या. त्या लांबून बातमी ऐकून आल्या असणार.

त्यांनी जीभ काढून वरचा ओठ चाटला. डोळे मिटले. पुन्हा चाटला.

"ह्यो माझा गूळ हाय," ते म्हणाले. "गेल्या सालचा. हुंबराच्या झाडाकडच्या वावरातला ऊस."

एक मुंगी त्यांच्या दंडावरून चालत खांद्यापर्यंत गेली.

"बंबात माझा गूळ कुनी घातला?"

बायकोनं पदर तोंडाला लावला. मी घसा साफ करायला लागलो, आणि तो बराच वेळ साफ होईना. तेव्हा मेव्हणी उठून उभी राहिली. मला वाटतं तिला त्या वेळी बारा म्हशी एका रांगेत उभ्या दिसत असणार. खोटं बोलली असती तर निदान त्या दिवसापुरतं काही निभावलं असतं. पण ती म्हणाली, "दाजींनी. बंब गळत हुता. तुमास्नी कळू नये म्हनून गूळ-चुना वतला आत."

"आनि तू काय करत हुतीस?"

"मी म्हनलं, गूळ इरघळतो."

"मग?"

"त्ये म्हनलं, मॅट्रिक कोन हाय."

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तिच्याकडं. मग पुन्हा माझ्याकडं, खालून वरपर्यंत, जसं बाजारात बैल घेताना बघतात आणि मग घेत नाहीत.

"म्हंजी मॅट्रिक झालं की मानूस बंबात गूळ घालतं," ते सावकाश म्हणाले. "आनि ह्याच्यासाठी मी हिला सात मैलांवर शाळंत घातली."

बंबाचं काय व्हायचं ते झालं होतं. पण माझ्या मॅट्रिकच्या जिवावर ज्या पोरीनं स्वतःच्या शाळेचा सगळा डाव मांडला होता, तो डाव मीच उधळून टाकला होता, आणि तोही तिच्या बापाच्या गुळानं. मी म्हणालो, "मामा, चूक माझी आहे. तिचं—"

"पानी आना आदी," ते म्हणाले.

चुलीवर तीन हंडे पाणी तापवलं. पहिल्या हंड्यात मिशा सुटल्या, दुसऱ्यात पंचा, तिसऱ्यात ते स्वतः. सगळा वेळ मेव्हणी पाणी घालत होती आणि ते घेत होते. मग अंग पुसून, कपडे करून, तो बंब त्यांनी उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला. मी पुढं झालो तर नुसती मान हलवली. भर दुपारी मंगळवार पेठेतून माझे सासरे बंब खांद्यावर घेऊन तांबटाकडं चालले होते, मागं मेव्हणी, तिच्या हातात चुंबळ, आणि पंधरा पावलं मागं मी. तोटीतून अधूनमधून पाक गळत होता, त्यामुळं आम्ही कुठून कुठं गेलो हे पेठेतल्या मुंग्यांना आठ दिवस पाठ होतं.

तांबटानं बंब उलटा करून बुडाशी ठोकलं तेव्हा आतून चिक्कीसारखा एक दगड निघाला. त्यानं तो हातात घेऊन फिरवून बघितला. मग माझ्याकडं बघितलं आणि परत ठोकायला लागला. सासरे तिथंच दगडावर बसून राहिले. तांबट फट कशी घासून साफ करतो, पत्रा कसा तापवतो, सांध्याला कथलाची झाळ कशी धरते, ते बघत होते. मेव्हणी बाजूला उकिडवी बसून त्याला प्रश्न विचारत होती. कथील किती, पाणी आतून आलं तर काय, नळी पातळ होते का. तांबट आधी हूं हूं करत होता, मग नीट उत्तरं द्यायला लागला. सासऱ्यांनी तंबाखू मळायचं थांबवून ते ऐकलं. मला दुकानाबाहेर उन्हात उभं राहायला जागा मिळाली होती.

रात्री जेवताना कुणी शाळेचं नाव काढलं नाही. बायकोनं दोनदा काढायचा प्रयत्न केला, पण सासऱ्यांनी दोन्ही वेळा ताक मागितलं. सकाळी उठून त्यांनी बंबाच्या पाण्यानं आंघोळ केली. उकडलेल्या रताळ्यासारखे लाल होऊन बाहेर आले, आणि मोटारीची वेळ विचारली. मोटार आठला होती. मेव्हणीची ट्रंक कोपऱ्यात होती तिथंच होती. ती भरायची का नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ती रिकामी ट्रंक पुसत बसली होती. बायको चुलीपाशी बसून नुसती फुंकणी फुंकत होती, चूल पेटलेली असूनसुद्धा.

सासरे पटका बांधून उंबऱ्याबाहेर पडले. मी मागोमाग गेलो, काठी हातात दिली, आणि एकदाचं विचारून टाकलं, "मामा, मग पोरीच्या शाळेचं काय करायचं?"

त्यांनी एकदा न्हाणीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"ऱ्हाऊ दे तिला हितं," ते म्हणाले. "बंबापाशी कुनीतरी शानं मानूस पायजेच की, पावणं."